वळण आणि ओढ

चाळीचा पुनर्विकास ठरला आणि भांडुपच्या टेकडीउतारावरची आमची जुनी खोली रिकामी करण्याची वेळ आली. माळा उतरवताना तांब्याची घंगाळी, तुटका पाट आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामागून दोन डबे हाती लागले. एक पत्र्याचा, बिस्किटांचा; त्यावरचे चित्र कधीच पुसून गेलेले. दुसरा पारदर्शक प्लॅस्टिकचा, झाकणाला खटके असलेला. पहिला अण्णांचा, दुसरा त्यांच्या नातवाचा. दोन्ही डब्यांत तारेची रिळे होती. दोघांच्या डब्यांत मिळून जे होते त्याचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

लिहिणारे आम्ही दोघे, पतीपत्नी. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील. दुसरीने त्यांना केवळ तसबिरीत पाहिले, कारण ते २००३ च्या पावसाळ्यात गेले आणि आमचे लग्न त्यानंतरचे. नातू म्हणजे आमचा पुतण्या. त्याचे नाव येथे देत नाही; घरातल्या माणसाबद्दल लिहिताना एवढा पडदा असावा.

भाषा शिकवणाऱ्यांना एक खोड असते. वस्तू हातात आली की ते आधी शब्दाकडे पाहतात. दोन्ही डब्यांतल्या वस्तू पाहून आम्हांला एकच क्रियापद आठवले : वळणे. मराठीत लाडू वळतात, शेवया वळतात, दोर वळतात, देवापुढच्या वाती वळतात आणि विड्याही वळतात. रस्ता वळतो तेही हेच, आणि मुलांना चांगले वळण लावतात तेही हेच. हाताने दिलेला आकार आणि मनाला लागलेली सवय यांना मराठीने एकाच शब्दात बसवले आहे. दुसरे क्रियापद ओढणे. हिंदी भाषक विडी 'पितात', संस्कृतातले धूम्रपानही पिण्याचेच. मराठी माणूस मात्र विडी ओढतो. आणि ज्याची ओढ लागते तीच गोष्ट आपल्याला ओढू लागते, हे सांगायला आपल्या भाषेला वेगळे सुभाषित करावे लागत नाही.

अण्णा वाइंडर होते. लाल बहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांचे भोंगे वाजत त्या काळात जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देणाऱ्या एका लहानशा गाळ्यात त्यांनी आयुष्य काढले. मोटार जळून आली की आधी जुने वाइंडिंग सोडवायचे. सोडवताना फेरे मोजायचे. तारेची जाडी गोल, खाचांच्या चकतीवर तपासायची. मग तेवढ्याच जाडीच्या, लाखरोगण चढवलेल्या तांब्याच्या तारेचे तेवढेच फेरे नव्याने द्यायचे. फेरा चुकला तर मोटार तापते. म्हणून मोजत असताना अण्णांशी कोणी बोलायचे नाही असा नियम होता. त्यांचे ओठ मात्र हलत असत, जपासारखे. एक कॉइल पुरी झाली की ते उठत, गाळ्याच्या पायरीवर बसत आणि विडी पेटवत. दिवसाला जेवढ्या कॉइल तेवढ्या विड्या, आणि कामाला खळ पडला की त्याहून अधिक. विड्यांचे बंडल आणायला नातवाला पिटाळले जाई. अण्णा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शेवटच्या महिन्यांत छातीत हवा मावेनाशी झाली. तरीही त्यांची बोटे पांघरुणाच्या कडेवर काहीतरी मोजत असत. त्यांच्या हाताला सलाईन लावलेली होती आणि नातू खाटेशेजारी बसून थेंब मोजत होता.

त्याच नातवाने २०१६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ऐन गणपतीत आम्हांला सांगितले की तो सिगरेट सोडतो आहे आणि त्यासाठी 'ड्रिपिंग' शिकतो आहे. आमची समजूत शेतीची. ठिबक सिंचनाशी सिगरेटचा काय संबंध, असे विचारल्यावर तो पोट धरून हसला आणि त्याने तो खटक्यांचा डबा उघडला.

त्यातली रचना खरोखर देखणी होती, हे आजही नाकारता येत नाही. बोटभर उंचीची धातूची डबी, तिच्या तळाशी दोन लहान खांब, खांबांत स्क्रू. या दोन खांबांमध्ये तारेची कॉइल बसवायची, तिच्या पोटातून कापूस ओवायचा, त्यावर वरून द्रवाचे थेंब सोडायचे आणि बटण दाबायचे. खाली बॅटरी. तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते, ती ओढायची. द्रव म्हणजे ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल, त्यात वास-चव आणि निकोटीन. बाजारात तयार कॉइलची यंत्रे होती, पण त्याला तयार माल नको होता. तार लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची, कँथल नावाची. मूळची स्वीडनमधली, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून भट्ट्यांत आणि शेगड्यांत वापरली जाणारी. आमच्या पिढीला आठवेल, पूर्वी घरोघर विजेची शेगडी असे, मातीच्या नागमोडी खाचांत बसवलेली स्प्रिंग लालभडक होई. ती तुटली की अण्णा दोन टोकांना पीळ देऊन जोडत. जोडल्यावर शेगडी आधीपेक्षा जास्त तापे आणि लवकर पुन्हा तुटे. तार आखूड झाली की रोध कमी होतो, प्रवाह वाढतो. ओहमचा नियम अण्णा असा शेगडीवर शिकवीत. नातवाने तोच नियम या डबीत उतरवला होता.

०.४ मिलिमीटर जाडीची तार तीन मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर सहा वेळा गुंडाळली की रोध साधारण पाऊण ओहम भरतो. पूर्ण भारलेल्या बॅटरीचे ४.२ व्होल्ट, भागाकार केला तर साडेपाच अँपिअरच्या आसपास प्रवाह. खांबांवर एकाऐवजी अशा दोन कॉइल शेजारी शेजारी बसवल्या तर रोध निम्मा, प्रवाह दुप्पट; आणि बॅटरी किती प्रवाह सोसेल याची मर्यादा ओलांडली तर ती हातात फुटू शकते. म्हणून प्रत्येक कॉइल आधी मोजायची, मगच बटणाला हात लावायचा. नवी कॉइल कोरडीच, क्षणभर तापवून पाहायची. ती मध्यापासून कडांकडे सारखी लाल होत गेली तर फेरे नीट बसले. एखादाच फेरा आधी पेटला तर बटण सोडून चिमट्याने दाबून सारखे करायचे. तो हे करीत असताना त्याचे ओठ हलत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. अण्णांचा पत्र्याचा डबा आम्हीच त्या दिवशी माळ्यावरून काढला, आणि त्यातला चिमटा, कटर आणि खाचांची चकती त्याच्या हाती ठेवली. चकतीवरचा २६ आणि त्याच्या रिळावरचा २६ जुळेना, तेव्हा काका-पुतण्यांनी अर्धा तास घालवून शोधून काढले की चकती ब्रिटिश मापाची आहे आणि तार अमेरिकन मापाची. त्या अर्ध्या तासात आपण कशाची जाडी मोजत आहोत, हा प्रश्न आम्हां दोघांपैकी कोणालाही पडला नाही.

आई, म्हणजे त्याची आजी, दारात वाती वळत बसली होती. त्याने कॉइलमध्ये कापूस कोंबायला घेतला, तशी ती म्हणाली, "अरे, इतका पिळू नकोस. वात घट्ट झाली की तेल चढत नाही, नुसती करपते." तो चमकला. कारण नेमका तोच त्याचा अडसर होता. घट्ट कापूस करपून घशाला चटका बसत होता. आजीने कापसाची पेळू हलक्या हाताने सैल करून त्याला दिली. ती तारेतून अलगद सरकली. हे कशाचे यंत्र आहे ते तिला ठाऊक नव्हते, कळले तेव्हा तिने एवढेच विचारले, "ह्यानं ते सुटेल का?" आणि उत्तराची वाट न पाहता आपली मशेरीची डबी उघडली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून केलेली ती मशेरी. आमच्या चाळीत सकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरून तो खकाणा उठे आणि सगळी ओळ शिंकू लागे. बायका दात घासण्याच्या निमित्ताने ती लावत, आणि विडी ओढणाऱ्या नवऱ्यांना नावे ठेवत.

आमच्यापैकी एकीचे आजोळ सिन्नरचे. तिथे मावशी विड्या वळायची. रात्री टेंभुर्णीची पाने भिजत घालायची, सकाळी पत्र्याचे माप ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, सुपात जर्दा. पानात चिमूट भरायची, बोटांनी वळायचे, तोंड दुमडायचे, दोऱ्याचा वेढा. दिवसाला आठशे-नऊशे. मजुरी हजारावर; कारखान्यात तपासणीला गेल्यावर नापास विड्या बाजूला निघत, त्या मजुरीतून वजा. मावशीच्या बोटांची गती पाहणाऱ्याला भुरळ पडे, आणि मामा-मावश्यांच्या मुलांमध्ये 'माझ्यासारखी वळून दाखव' अशी पैजही लागे. पैज लावलेली तिला अजिबात खपत नसे. "हात धुवा आधी," ती ओरडे. जर्द्याची धूळ तिच्या छातीत बसली होती आणि तंबाखू कातडीतूनही अंगात भिनते हे तिला कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले होते. ती स्वतः कधी विडी ओढली नाही. "वळायची आम्ही, ओढायची दुसऱ्यानं," असे म्हणे; त्यात अभिमान नव्हता. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला, सोलापूरला विडी कामगार स्त्रियांनी लढून स्वतःच्या घरांच्या वसाहती उभ्या केल्या. हे सगळे खरे आणि मोलाचे. पण मावशीने आपल्या एकाही मुलीला सुपापुढे बसू दिले नाही. तिचे कौशल्य तिला पोटासाठी लागले, म्हणून तिला त्याची भूल पडली नाही. भूल पडली ती आम्हां पाहणाऱ्यांना.

पुतण्याच्या बाबतीत आमचे तेच झाले. पुढची दोन वर्षे त्याच्या कॉइल अधिकाधिक नक्षीदार होत गेल्या. दोन तारांना पीळ देऊन केलेली, जाड तारेभोवती केसाएवढी बारीक तार गुंडाळून केलेली. भिंगातून पाहिली तर एखादा दागिना वाटावा. आम्ही त्यांचे फोटो काढले. पाहुण्यांना सांगितले, "हात आजोबांचा आहे." सिगरेट सुटली का, हे विचारायचे हळूहळू राहून गेले. ती सुटली नव्हती. कामावर जाताना-येताना स्टेशनाबाहेरच्या टपरीवर सिगरेट, घरी यंत्र, असा त्याचा दिवस विभागला गेला होता. आणि द्रवातले निकोटीन कमी करत न्यायचे असे जे सुरुवातीला ठरले होते तेही मागे पडले होते. हे आम्हांला दिसत नव्हते असे नाही. पण जो मुलगा एवढ्या चिकाटीने, एवढ्या नेमकेपणाने काही घडवतो आहे, तो व्यसनी कसा असेल? व्यसनी माणूस आमच्या कल्पनेत गटाराकाठी पडलेला होता. तो चकतीवर तार मोजत नव्हता.

२०१८ च्या मे महिन्यात एका दुपारी आम्ही पेपर तपासत बसलो होतो. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती दादाशेजारी बसली होती आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "चार... पाच... आई, बघ, सहा फेरे!" आत गेलो तर तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, त्यावर चकाकणारी, अगदी सारखी कॉइल, आणि तिचे ओठ अजून हलत होते. दादा कौतुकाने म्हणाला, "काकू, हिचा हात माझ्याहून चांगला आहे."

आम्ही दोघांनी त्या क्षणी जे केले त्याचा आम्हांला अभिमान नाही. एकाने तिच्या हातातून ते काढून घेतले आणि दुसरीने पुतण्याला नको ते बोलून टाकले. अण्णांचे नाव काढले, खाटेचे काढले, थेंबांचे काढले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, चिमटा तुम्हीच दिलात ना?" मग त्याने डबा बंद केला, खटके लावले आणि माळ्यावर ठेवून दिला. अण्णांचा चिमटा पुसून, पत्र्याच्या डब्यात, त्याच्या मूळ जागी.

पुढचे वर्ष सगळ्यांना माहीत आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगरेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळकरी मुलांच्या हाती हे नवे व्यसन जाऊ नये, ही त्यामागची भूमिका. आणि आमच्या घरात नऊ वर्षांच्या मुलीने फेरे मोजलेले आम्ही ऐकले असल्यामुळे ती भूमिका आम्हांला पोकळ वाटत नाही. पण टपरी तशीच उभी आहे. राज्याने २०१२ साली गुटखा बंद केला, २०२० साली सुट्या सिगरेटी-विड्यांची विक्री बंद केली, आणि टपरीवर मागितली की सुटी मिळते. जी वस्तू नवी होती ती बंद झाली. ज्या वस्तूने अण्णांना नेले ती बंडलावर भयानक चित्र छापून विकली जाते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ साली ही वाफ सिगरेटच्या धुरापेक्षा बरीच कमी घातक असल्याचे मत दिले, त्यावर वाद झाले, आणि त्याच ब्रिटनने जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या यंत्रांवर बंदी आणली. जहांगीर बादशहाने १६१७ साली तंबाखूवर मनाई केली होती. त्याच्या बापाच्या दरबारात ती विजापुराहून येऊन पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. मनाई इतिहासजमा झाली, तंबाखू राहिली. बंदी बरोबर की चूक, हे ठरवण्याइतके वैद्यकीय ज्ञान आम्हांला नाही. एवढेच दिसते की बंदी वस्तूवर घालता येते. वळणावर घालता येत नाही.

आजच्या यंत्राचा जनक मानला जातो तो चीनमधला औषधशास्त्रज्ञ होन लिक. त्याने आपले यंत्र घडवले तेही २००३ सालीच. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते आणि तो स्वतः अट्टल धूम्रपान करणारा होता. हे वाचले तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. वडील ज्याने गेले त्यातून सुटण्यासाठी मुलाने हाताशी असलेली विद्या वापरली, यात वाईट काय? आमच्या पुतण्यानेही तेच केले होते. त्याच्या हाताशी आजोबांची विद्या होती.

वर्गात आम्ही आशय आणि अभिव्यक्ती यांच्यावर दरवर्षी चार तास घेतो. रचनेच्या सौंदर्याने भारावून जाऊन ती काय सांगते आहे हे विसरू नका, असे मुलांना बजावतो. परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न असतो. घरी मात्र तारेच्या सहा फेऱ्यांचे कौतुक करताना आम्ही त्या फेऱ्यांतून काय ओढले जाते याकडे दोन वर्षे पाठ फिरवली. आणि पाहिले तेव्हा एवढ्या जोरात ओरडलो की त्याला पुन्हा आमच्याशी बोलावेसे वाटले नाही. आधीचे कौतुक आंधळे होते, नंतरचा संताप त्याहून आंधळा. या दोहोंच्या मधे एक साधा प्रश्न होता, जो आईने पहिल्याच दिवशी विचारला होता. सुटेल का? तो रोज, न रागावता, विचारत राहायला हवा होता. जर्द्याचे हात धुवायला लावणाऱ्या मावशीला जे कळले होते ते आम्हां दोघा एम.ए. झालेल्यांना उशिरा कळले.

डबे सापडल्यावर आम्ही पुतण्याला फोन केला. तो आता तिशी ओलांडलेला, कल्याणपलीकडे राहतो. रविवारी आला. खटक्यांचा डबा उघडून त्याने कॉइल एकेक करून तळहातावर घेतल्या, पाहिल्या. "चांगल्या झाल्या होत्या नाही, काका?" म्हणाला. चांगल्या झाल्या होत्या, असे आम्ही म्हणालो. खोटे बोलण्याचे कारण नव्हते. मग काकूने विचारले, "आता किती ओढतोस?" "दिवसाला चार. मध्ये सात महिने बंद होती, पुन्हा लागली." हे त्याने खाली न पाहता सांगितले. टाटा स्मारक रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी सल्ला मिळतो, बरोबर येऊ का, असे आम्ही म्हणालो. त्याने होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

जुनी बॅटरी त्याने वेगळी काढली; अशा बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत, म्हणाला. तारा आणि डबी एका पिशवीत बांधली. अण्णांची चकती मात्र मागून घेतली. तळाशी कापसाचे एक न फोडलेले पाकीट उरले. आईने ते हात लांब करून उचलले, फोडले, कापूस बोटांत चाचपून पाहिला. "चांगला आहे," म्हणाली, आणि मांडीवर ताम्हन घेऊन वाती वळायला बसली. थोड्या वेळाने नातू तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिने काही न बोलता थोडा कापूस त्याच्यापुढे सरकवला.